दुसऱ्या शनिवारी स्विच बंद करायचा अधिकार कोणाचा?

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. परदेशात व्हिसा कार्डांवर सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशात रुपे कार्डांवर अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट ह्या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे काढणारे हस्तक पुढे पकडले गेले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. सूत्रधारांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं आहे.

चोरीची रीत समजून घेण्यासारखी आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की पैशांची विनंती स्विचमार्फत, म्हणजे एटीएम आणि बँक जोडणाऱ्या प्रणालीमार्फत, बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीकडे, म्हणजे सीबीएसकडे जाते. खात्यात शिल्लक आहे का हे तिथे पाहिलं जातं आणि होकार किंवा नकार परत येतो. इथे चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला होता. आलेल्या प्रत्येक विनंतीला तोच परस्पर होकार देत होता आणि सीबीएसला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणूनच ठेवीदारांच्या खात्यांतून काही गेलं नाही. गेले ते बँकेचे पैसे.

ही कहाणी गेली काही वर्षं प्रत्येक सुरक्षा परिषदेत सांगितली जाते आणि तिचा शेवट ठरलेला असतो: म्हणून आमचं अमुक उपकरण घ्या. मला तिच्यातून निराळाच प्रश्न दिसतो. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम नागरी सहकारी बँकेत दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कोणाच्या तरी लक्षात आलं की परदेशातून भलत्याच संख्येने व्यवहार होताहेत, तर कोणालाही न विचारता एटीएम स्विच आणि स्विफ्टचं टर्मिनल दोन्ही बंद करण्याचा लेखी अधिकार कोणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी प्रामाणिक उत्तर असं मिळेल की आधी ईडीपीच्या, म्हणजे संगणक विभागाच्या, साहेबांना फोन करायचा, ते सीईओंना करतील, सीईओ अध्यक्षांना विचारतील, आणि अध्यक्ष त्या वेळी कोणाच्या तरी लग्नात असतील.

माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्याकडच्या संस्थांचा सुरक्षेचा प्रश्न आता खरेदीचा उरलेला नाही, तो अधिकाराचा आहे. क्लाउड, म्हणजे आपला डेटा आणि प्रणाली सांभाळणारे सर्व्हर, आपला की भाड्याचा, खोटे ईमेल अडवणारं गाळणं कोणत्या कंपनीचं, ह्या चर्चा व्हायला हव्यातच. पण नाही म्हणू शकणारा माणूस नेमल्याशिवाय त्या चर्चांना फारसा अर्थ नाही. उदाहरणासाठी मी नागरी सहकारी बँका घेतो, कारण देशात अशा साधारण दीड हजार बँका आहेत, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांत आपल्या आईवडिलांच्या ठेवी आहेत.

माहिती-सुरक्षेच्या प्रमुखाला बँकिंगमधली मंडळी ‘सिसो’ म्हणतात. हे पद मुळात एका बँकेवरच्या दरोड्यातूनच आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात व्लादिमीर लेविन नावाच्या रशियन तरुणाने सिटीबँकेच्या प्रणालीत घुसून सुमारे एक कोटी डॉलर इकडचे तिकडे केले. त्यानंतर १९९५ मध्ये सिटीकॉर्पने स्टीव्ह कॅट्झ यांना ह्या कामासाठी आणलं. जगातले पहिले सिसो म्हणून त्यांचंच नाव घेतात. तीस वर्षांत पद सगळीकडे पोचलं, अधिकार मात्र सगळीकडे पोचला नाही.

आपल्याकडे लहान बँकेत हे पद कसं भरलं जातं? रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत शेरा येतो. अनुपालन अहवाल पाठवायचा असतो. मग ईडीपी विभागाच्या प्रमुखालाच एक पत्र दिलं जातं की आजपासून आपल्याकडे सिसोचाही कार्यभार. पगार तोच, खुर्ची तीच. ज्याने सर्व्हर लावला त्यानेच सर्व्हर नीट लागलाय का हे तपासायचं, आणि नसेल तर स्वतःविरुद्ध अहवाल लिहायचा. ऑडिट पॅरा मात्र बंद होतो.

गंमत अशी की हेच दुसऱ्या खात्यात कोणी केलं तर सहकारी बँकेतला शिपाईसुद्धा हसेल. कर्ज मंजूर करणाऱ्यालाच अंतर्गत लेखापरीक्षक नेमता येत नाही, हे आपल्याला अनेक बुडालेल्या बँकांनी शिकवलं आहे. मग संगणकाच्या खात्यात हे कसं चालतं? माझ्या मते ह्याचं कारण अज्ञान नाही, सोय आहे. स्वतंत्र माणूस बसवला की तो प्रश्न विचारणार. अध्यक्षांना मोबाइलवर अमुक अहवाल हवा म्हणून उघडलेली वाट तो बंद करायला सांगणार. संचालकांच्या ओळखीच्या व्हेंडरला दिलेला कायमचा रिमोट प्रवेश काढून घेणार. अशा माणसाची गरज सगळ्यांना तत्त्वतः पटते.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं अजिबात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत तिने स्वच्छ लिहिलं की सिसोने आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली असू नये आणि त्याच्यावर धंद्याची टार्गेट्स लादू नयेत. हे दुसरं कलम मला विशेष आवडतं. ज्या अधिकाऱ्याला मार्चअखेर ठेवी गोळा करायला पाठवतात तो एप्रिलमध्ये कोणत्या तोंडाने मोबाइल ॲप थांबवा म्हणेल? पण ते निर्देश व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांसाठी होते, नागरी सहकारी बँका त्यांत नव्हत्या. त्यांच्यासाठी २०१९ च्या डिसेंबरातली चार पातळ्यांची चौकट आहे. जितक्या डिजिटल सेवा जास्त, तितकी बंधनं जास्त. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. दोन शाखांच्या बँकेला स्टेट बँकेचे नियम लावून चालणार नाही. पण हल्ला करणारा पातळी विचारून येत नाही. उपकरणांची यादी पातळीनुसार कमीजास्त करा. स्वतंत्र अधिकाऱ्याचं तत्त्व मात्र पहिल्या पातळीपासून लागू हवं, कारण त्याला उपकरण लागत नाही, ठराव लागतो.

आता क्लाउडकडे येऊ. गेल्या दोनतीन वर्षांत ‘प्रायव्हेट क्लाउड’, म्हणजे संस्थेचा स्वतःचा क्लाउड, हा शब्द संचालक मंडळाच्या बैठकांत पोचला आहे. ‘आपला डेटा आपल्याकडे’ हे वाक्य सभासदांना आवडतं, आणि अहवालात ‘अत्याधुनिक डेटा सेंटर’ असं छापताही येतं. प्रत्यक्षात अनेकदा ती मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची एक वातानुकूलित खोली असते. तिच्यात सर्व्हरच्या दोन रॅक, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि कोपऱ्यात जुन्या लेजरची खोकी.

‘आपलं’ हे किती आपलं असतं ते ब्रॉडकॉम ह्या अमेरिकी कंपनीने दाखवून दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने व्हीएमवेअर घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. ज्या सॉफ्टवेअरवर जगभरातले खासगी क्लाउड उभे होते ते एकदा पैसे मोजून वापरायची सोय गेली, वर्गणी भरा म्हणाले, तीही पूर्ण गठ्ठ्याची. एटी अँड टीसारखी अजस्र अमेरिकी दूरसंचार कंपनी ह्यावरून न्यायालयात गेली. ज्यांची रॅक स्वतःच्या खोलीत होती त्यांनाही कळलं की खोली आपली असली तरी आतला करार दुसऱ्याचा आहे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लावल्यावर गुजरातेतल्या वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या, पण मधल्या काळात तिने ईमेलसाठी रेडिफकडे धाव घेतली. एका खंडात झालेल्या निर्णयाने दुसऱ्या खंडातल्या रिफायनरीचा पत्रव्यवहार थांबतो, हे पाहिल्यावर ‘डेटा आपल्याकडे’ म्हणणाऱ्यांना निव्वळ भाबडं म्हणता येत नाही.

तरीही सुरक्षेच्या दृष्टीने कोणती बाजू बरी? मला दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. २०२१ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ह्या ईमेल सर्व्हरमधल्या त्रुटी उघड झाल्या तेव्हा मार बसला तो स्वतःच्या जागेत सर्व्हर ठेवणाऱ्यांना. त्रुटी बुजवणारा पॅच आला होता, पण हजारो ठिकाणी तो वेळेवर लावायला कोणी नव्हतं. २०२३ च्या उन्हाळ्यात मात्र चीनशी संबंधित हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टचीच, प्रवेशाच्या परवान्यावर डिजिटल सही करायची, एक किल्ली मिळवून तिच्या क्लाउडमधल्या खात्यांत प्रवेश केला. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांच्या ईमेलपर्यंत ते पोचले. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारच्याच समीक्षा मंडळाने लिहिलं की हे टाळता आलं असतं. म्हणजे खोलीतला सर्व्हर फुटला आणि जगातल्या श्रीमंत कंपनीचा क्लाउडही फुटला.

पण दुसऱ्या घटनेत एक तपशील आहे, जो विक्रीच्या सादरीकरणांत येत नाही. ही घुसखोरी मायक्रोसॉफ्टने पकडली नाही. ती पकडली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लोकांनी. त्यांनी जास्तीचे पैसे भरून सविस्तर लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय उघडलं ह्याच्या नोंदी, घेतले होते, आणि नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने टपाल वाचलं गेलं तर इशारा यावा असा नियम त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. इशारा आला, कोणीतरी तो वाचला, आणि ज्याने वाचला त्याचं वरच्यांनी ऐकलं. क्लाउड कोणाचा ह्यापेक्षा मला ही साखळी महत्त्वाची वाटते.

लहान बँकेने अशी साखळी एकट्याने उभारावी ही अपेक्षा चुकीची आहे. आणि ती न उभारता सगळं एकाच पुरवठादाराच्या भरवशावर टाकलं तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआय-आयएमपीएसविना राहिले. दुसऱ्या दिवशी सेवा परतली. इथे एनपीसीआयने जे केलं तेच मला अभिप्रेत आहे. तिच्याकडे तोडण्याचा अधिकार होता आणि तिने तो वापरला, तीनशे बँकांचे अध्यक्ष काय म्हणतील ह्याची वाट पाहिली नाही. त्या तीनशे बँकांपैकी किती जणींच्या करारात पुरवठादाराचे लॉग मागायचा हक्क लिहिला होता, हा प्रश्न त्यांच्या सभासदांनी विचारायला हवा.

म्हणून मला सामायिक खासगी क्लाउडची वाट बरी वाटते. वित्तक्षेत्रासाठी वेगळी क्लाउड सुविधा उभारण्याचं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं आहे. नागरी बँकांची शिखर संस्था एनयूसीएफडीसी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या बँकांनी आपापल्या दुसऱ्या मजल्यावर रॅक लावत बसण्यापेक्षा तिथे जावं. साखर कारखान्यांपासून दूध संघांपर्यंत एकत्र येऊन मोठं यंत्र उभारणं महाराष्ट्राला नवीन नाही. अडचण नेहमी दुसरीच असते: प्रत्येकाला आपलं कार्यालय, आपली पाटी हवी असते.

ईमेलचा विषय सगळ्यात कंटाळवाणा समजला जातो आणि पैसे मात्र तिथूनच भरमसाट जातात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये आलेल्या तक्रारींत व्यावसायिक ईमेलच्या फसवणुकीचं नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होतं, तर रॅन्समवेअरचं सुमारे ६ कोटी. दुसरा आकडा अपुरा आहे हे एफबीआयच सांगते, तरी फरक डोळ्यांत भरतो. मुंबईचंच उदाहरण घ्यायचं तर २०१८ च्या नोव्हेंबरात इटलीच्या टेक्निमाँट कंपनीच्या भारतीय शाखेने, मूळ कंपनीच्या प्रमुखांचे वाटणारे ईमेल आणि मागून आलेले कॉन्फरन्स कॉल ह्यांवर विसंबून, गुप्त अधिग्रहणाच्या नावाखाली सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले. तिथे कोणी फायरवॉल फोडली नाही. वरिष्ठांचा आदेश होता आणि तो पाळला गेला.

हाच प्रकार शाखेत कसा दिसतो पाहा. दुपारचे पावणेचार. एका रुग्णालयाच्या चालू खात्याचं आरटीजीएसचं पत्र ईमेलवर येतं. पत्ता नेहमीचाच, कारण चोराने रुग्णालयाच्या हिशेबनिसाचा मेलबॉक्सच ताब्यात घेतलेला आहे. लेटरहेड खरं, शिक्का खरा, सही तर नमुन्याशी तंतोतंत जुळते, कारण ती मागच्या महिन्याच्या पत्रातून कापून चिकटवली आहे. खाली एक ओळ: ‘अर्जंट आहे, मी ऑपरेशनमध्ये आहे, फोन घेता येणार नाही.’ जगातलं कोणतंही ईमेल गाळणं हे पत्र अडवणार नाही, कारण त्यात विषाणू नाही, खोटा दुवा नाही, पत्ताही खोटा नाही. अडवेल ती फक्त काउंटरमागची अधिकारी, जी म्हणेल की नोंदवलेल्या नंबरवर डॉक्टरसाहेबांशी बोलणं झाल्याशिवाय मी हे करणार नाही. आणि नेमकं तेव्हाच केबिनमधून आवाज येतो, ‘अहो मॅडम, मोठं खातं आहे, संचालकांच्या ओळखीचं आहे, करून टाका.’

त्या मॅडमच्या हातात परिपत्रक हवं, ज्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची सही आहे आणि ज्याला शाखाधिकारी बगल देऊ शकत नाही. हे सायबर सुरक्षेचं काम आहे असं आपल्याला वाटतच नाही, कारण ह्यात विकण्यासारखं काही नाही.

तांत्रिक बाजूलाही तेच. बँकेच्या नावाने खोटे ईमेल कोणी पाठवू नयेत म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ह्या तीन सोयी आहेत. त्या आपल्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदीत लिहायच्या असतात आणि त्यांना परवाना शुल्क नाही. डीमार्कमध्ये तीन पर्याय असतात: खोटं पत्र आलं तर काही करू नका फक्त कळवा, संशयित म्हणून बाजूला टाका, किंवा थेट नाकारा. बहुतेक संस्था पहिल्या पर्यायावर येऊन वर्षानुवर्षं तिथेच बसतात. का? तर नाकारायला सांगायचं असेल तर आपल्या नावाने खरोखर कोणकोण ईमेल पाठवतं ह्याची यादी हवी. स्टेटमेंट पाठवणारी एजन्सी, पगारपत्रकं बनवणारा व्हेंडर, विपणनवाल्यांनी परस्पर घेतलेली सेवा, वसुली विभागाने नोटिसांसाठी धरलेला कोणी. ही यादी करायची म्हणजे चार खात्यांच्या प्रमुखांना विचारायचं आणि न सांगितल्यास तुमचं टपाल बंद पडेल असं ठणकावायचं. ईडीपीचा माणूस वसुलीप्रमुखाला असं ठणकावू शकत नाही. अर्ध्या तासाचं तांत्रिक काम त्यामुळे पाच वर्षं रखडतं.

अधिकार असला की काय होतं ह्याचंही उदाहरण आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ ह्या राखीव डोमेनवर न्यायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर ही मुदत दिली, आणि नोंदणीचं काम एकट्या आयडीआरबीटी ह्या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडे सोपवलं. वर्षानुवर्षं न झालेली गोष्ट सहा महिन्यांत हलली. डीमार्क ‘नाकारा’वर नेण्यासाठीही अशीच तारीख का असू नये?

अधिकाराबरोबर जबाबदारी येते आणि तिथे धोका आहे, हे मान्य करायला हवं. उबरचे सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना २०१६ ची डेटाचोरी दडवल्याबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आलं आणि पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या परिवीक्षेची (प्रोबेशनची) शिक्षा झाली. सोलरविंड्स ह्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या सिसोवर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०२३ मध्ये दावा लावला. त्यातला बराचसा भाग न्यायालयाने पुढच्या वर्षी फेटाळला. दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत. दडवणं हा गुन्हाच आहे. पण आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली आहे, सर्ट-इन ह्या सरकारी सायबर यंत्रणेला सहा तासांत घटना कळवायचं बंधन २०२२ पासून आहे, आणि दुसरा कार्यभार म्हणून सिसो झालेल्या ईडीपीच्या माणसाची त्या कागदांवर सही आहे. काही घडलं तर पहिलं निलंबन त्याचंच. ज्याला स्विच बंद करता येत नव्हता त्यालाच स्विच बंद का केला नाही म्हणून विचारणार. चांगली माणसं हे पद नाकारतात ती ह्याच कारणाने, आणि त्यांचं बरोबर आहे.

‘एवढा पगार कुठून द्यायचा’ हा आक्षेप खरा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या बँकेला असा पूर्णवेळ माणूस परवडत नाही आणि मिळतही नाही. मग पाचसहा बँकांनी मिळून एक नेमावा, शिखर संस्थेच्या पटावर ठेवावा. त्याने प्रत्येक बँकेत महिन्यातून ठरलेले दिवस बसावं आणि एरवी फोनवर असावं. त्याच्या नेमणुकीच्या ठरावात तीन गोष्टी लिहाव्यात. धोका दिसला तर तो कोणालाही न विचारता स्विच, स्विफ्ट आणि व्हेंडरचा प्रवेश बंद करू शकतो. त्याचा अहवाल आयटीकडे नव्हे तर थेट व्यवस्थापन मंडळाकडे जातो. आणि एका बँकेच्या अध्यक्षांच्या नाराजीवरून त्याला काढता येत नाही. चुकून बंद केलं आणि शनिवारी चार तास एटीएम चाललं नाही, तर सोमवारी ग्राहक ओरडतील. ओरडू द्यावं. नागरी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरपर्यंत होतात, लाभांशाच्या टक्क्यावर तिथे तासभर वाद चालतो. तो ठराव त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर येऊ शकतो, त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.